मंजुळाची करंजी

कोळीवाड्यात एखादं पोर शिंक्याकडं हात लांबवताना दिसलं की कुणीतरी म्हातारी हटकून ओरडायची, "हात आवर रं मेल्या, नायतर मंजुळाची करंजी होईल!" पोर हात मागं घ्यायचं, आजूबाजूच्या बायका फिस्सकन हसायच्या. आणि जिच्या नावानं ही म्हण पडली ती मंजुळा तिथंच ओट्यावर कोलंबी सोलत बसलेली असायची. तिच्या देखत, अहो! जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला. मंजुळा मानही वळवायची नाही. तशी तिची मान डावीकडं पुरती वळतच नव्हती.

डाव्या कानामागून निघालेला तो चट्टा मानेवरून, खांद्यावरून पार पाठीच्या मध्यापर्यंत उतरलेला होता. कातडी कशी, तर जुन्या गोधडीसारखी जाड, शिवणी वर आलेली, आणि खाली ओघळच ओघळ. उन्हाळ्यात घाम आला की त्याला अशी खाज सुटायची की भिंतीला पाठ घासावी लागे. मानेवर केस उगवत नव्हते. अंबाड्यात वेणी माळली की बघणाऱ्याची नजर नेमकी तिथं जायची, म्हणून कोळणीच्या जन्माला येऊनही तिनं डोक्यात फूल घातलं नव्हतं. दोन ठिकाणं बघायला आली होती तिच्या तरुणपणी. आली, चहा प्याली, गेली. पुढं आई-बापूस गेले, आणि मंजुळा एकटीच ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या घरात राहिली. सकाळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन नौपाड्यात दारोदार फिरायची आणि दुपारी परत यायची.

म्हणीतली गोष्ट अशी होती की, नारळी पुनवेच्या दिवशी आईनं करंज्या तळल्या, आठेक वर्षांची मंजुळा एक करंजी चोरायला गेली आणि कढत तेलाची तपेली अंगावर ओढून घेतली. खादाडपणाची शिक्षा, दुसरं काय!

खरी गोष्ट निराळी. कढईतलं तेल आईनं तपेलीत ओतून दाराशी निवायला ठेवलं होतं. मंजुळा अंगणात पाट मांडून बसली होती आणि खाडीला वाहायच्या नारळाला सोनेरी कागद चिकटवत होती. दरवर्षी तो नारळ तिचा थोरला भाऊ नाथा होडीत धरून बसायचा. त्या वर्षी बापूस म्हणाला, "औंदा माझी बाय धरील नारळ." झालं. नाथा अकरा वर्षांचा, एकुलता एक मुलगा, लाडानं शेफारलेला. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. फडक्यानं तपेली उचलून तो मागनं आला आणि तेल तिच्या मानेवर रिकामं केलं. कढत तेल काय करतं हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे. कळत नसेलही. पण केलं ते त्यानंच.

सरकारी इस्पितळात आई तिच्या उशाशी वाकली आणि कानात म्हणाली, "बाय माझी, बापूस त्याला जित्ता सोडायचा नाय. तू सांग, करंजी घ्यायला गेलते. सांगशील ना?" पालथी पडलेल्या त्या पोरीनं मान हलवली. हलवता येत नव्हती, तरी हलवली. त्या दिवसापासून ती चोरटी ठरली.

आता एवढ्या वर्षांनी तिला काय पाहिजे होतं? नवरा नको होता, घरदार नको होतं, नाथाला शिक्षा तर मुळीच नको होती. एकच पाहिजे होतं. नाथानं एकदा, चार माणसांच्या देखत म्हणावं की हिनं चोरलं नव्हतं, तेल मी ओतलं. बस. दर भाऊबीजेला ओवाळताना ती त्याच्या तोंडाकडं बघायची. आता म्हणेल, आता म्हणेल. तो ताटात साडी टाकायचा, पोटभर जेवायचा आणि ढेकर देऊन निघून जायचा.

नाथा तोवर नाथाशेठ झाला होता. खाडीचं पाणी कारखान्यांनी नासवलं, मासळी गेली, तशी त्यानं होडी विकली आणि बिल्डरांना रेती पुरवायच्या धंद्यात शिरला. वर्तकनगरात ब्लॉक घेतला. कमरेला पेजर लटकवला. बायको दुखणेकरी, म्हणून त्याची मुलगी शीला लहानपणी आत्याकडंच वाढली, तिच्या मांडीवर निजली, तिच्या हातचं खाल्लं. शीलावर मंजुळेचा जीव की प्राण.

त्या साली, म्हणजे पंचाण्णवच्या दिवाळीत, नाथानं ओवाळणीच्या ताटात साडी टाकली नाही. घसा खाकरून म्हणाला, "मंजू, औंदा तुला वेगळीच भाऊबीज. नौपाड्यात एक डॉक्टर आलाय, लेझरचं मशीन हाय त्याच्याकडं. भाजल्याचे डाग घालवतो. तुझा हा घालवून टाकू."

मंजुळा ओवाळायची थांबली. त्यानं त्या डागाचं नाव काढलं होतं! आजवर तो तिच्या डाव्या बाजूला कधी बसलासुद्धा नव्हता. तिच्या मनानं लगेच घेतलं: बोलायला जीभ रेटत नसेल बिचाऱ्याची, म्हणून असं करतोय. आधी डाग काढील, मग बोलेलही. नाथा गेल्यावर ती चुलीपुढं बसून मनसोक्त रडली आणि उठून शेजारपाजाऱ्यांना करंज्या वाटून आली. हो, करंज्याच!

डॉक्टर हरिहर मधल्या वयाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. नाथा बाहेर बाकावर बसून राहिला. डॉक्टरांनी दिवा ओढून तिची मान आणि पाठ नीट बघितली, बोटांनी ते ओघळ चाचपले. मग पुढं येऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटसुलट केले.

"कशानं भाजलं, बाई?"

"तेलानं. करंजी चोरायला गेलते." इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, आपोआपच बाहेर पडलं.

"चोरायला गेला होतात, आणि हात कोरे?" डॉक्टर म्हणाले. "हे तेल वरून आलंय, आणि मागून. तुम्ही बसलेल्या होतात आणि पुढं वाकलेल्या होतात. हे ओघळ बघा ना, खाली कसे गेलेत."

मंजुळेनं पदर तोंडाला लावला. तिच्या पाठीवर लिहिलेलं होतं सगळं, आणि हे तिला आज कळत होतं! स्वतःची पाठ कुणाला दिसते? डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही. नाथाला आत बोलावून त्यांनी दोघांना नीट समजावलं. डाग पुसून टाकता येत नाही, पण कातडी मऊ होईल, सपाट होईल, खाज कमी होईल, मान थोडी मोकळी होईल. एकदम नाही, महिना-महिना सोडून बसावं लागेल. सावळ्या कातडीवर तो भाग पांढुरका पडायचा संभव आहे, हे आधीच सांगतो. आणि ऊन लागू द्यायचं नाही, अजिबात नाही, नाहीतर काळंनिळं होऊन बसेल.

"वैशाखापर्यंत होईल ना सपाट?" नाथानं एवढंच विचारलं.

पहिल्या वेळी डोळ्यांवर काळा चष्मा बांधून तिला पालथी निजवली. आधी बधिर करायच्या सुया टोचल्या, मग ते मशीन टक् टक् करायला लागलं. दुखलं फारसं नाही, पण वास आला. जळल्याचा वास. नाकात तो वास शिरला मात्र, मंजुळा एकदम अंगणातल्या पाटावर जाऊन बसली, हातात नारळ, आणि बापूस हाक मारतोय. तिनं टेबलाची कड गच्च धरली. नर्सनं विचारलं, मावशी, थांबवू का? ती म्हणाली, "नको, चालू दे. माझा भाऊस करतोय, चालू दे."

मग सुरू झाली छत्रीची गंमत. भर थंडीच्या दिवसांत कोळीण छत्री घेऊन मासळी विकायला निघाली! बाजारात बायकांनी तिची रेवडी उडवली. "काय गं मंजुळे, मडमीन झालीस का काय?" "पापलेटाला ऊन लागतं, का तुला?" मंजुळा हसायची, पहिल्यांदाच मोकळेपणानं हसायची. डोक्यावर पाटी, एका हातात छत्री, कसरतच ती. पण डॉक्टरांचा शब्द तिनं मोडला नाही. आणि खोटं कशाला बोला, गुण आला. खाज थांबली. कातडी मऊ पडली. ते जाड ओघळ वितळून सपाट झाले. एक दिवस रस्ता ओलांडताना तिनं डावीकडं मान वळवून रिक्षा बघितली, आणि आपण काय केलं हे लक्षात येऊन भर नौपाड्यात उभी राहिली. रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या, त्याही गोड लागल्या. सगळा भाग पांढुरका झाला होता, भाकरीच्या पापुद्र्यासारखा, पण तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्या दिवशी तिनं अबोलीची वेणी घेतली आणि घरी दार लावून आरशापुढं माळून बघितली.

शीलाचं लग्न दिवाळीआधीपासूनच जमत आलं होतं, वैशाखात उडवायचं चाललं होतं. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या गावातलं आपल्याच जातीतलं घर, मुलगा बँकेत. शीला बांगड्या दाखवायला आली तेव्हा आत्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "किती छान दिसतेस गं आत्या! पप्पांनी बरं केलं ना? व्हिडिओवाला म्हणालेला, हळदीत आत्याला साईडनी घेऊ, नंतर कापता येईल. पप्पा म्हणाले, कापाकापी कशाला, आपण डागच काढू या."

मंजुळेच्या हातातली बांगडी हातातच राहिली. आमच्याकडं हळदीला पहिला हात आत्याचा. नवरीच्या शेजारी ती व्हिडिओत येणार, सोयरे ती कॅसेट लावून लावून बघणार. म्हणजे भाऊबीज ती नव्हतीच, कॅसेटीची साफसफाई होती! पण आशा मोठी चिवट. तिनं स्वतःला समजावलं, कारण काही का असेना, डाग काढला ना त्यानं? मनात काही असल्याशिवाय माणूस एवढं करतो का?

माघात सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्यात चार पंचांसमोर सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग मागं फिरणं नाही. कार्य कोळीवाड्यातल्या जुन्या घरीच, अंगणात. डोंबिवलीहून मुलाचे वडील गोमाजी आले, आई तुळसा आली, पाच-पंचवीस माणसं आली. कोळीवाड्याचा म्हातारा पंच काळुराम पाट्यावर सुपारी ठेवून, वरवंटा मांडीशी घेऊन बसला. मंजुळा हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं झाली. डोक्यात अबोलीची वेणी. तुळसाला कुंकू लावून ती ओटी भरायला वाकली, पदर सरकला.

"थांब गं." तुळसानं तिचा दंड धरला. "ह्यो पांढरा चट्टा कसला? कोड हाय का काय तुमच्या घराण्यात?"

कोड म्हणजे पोरीच्या लग्नावर निखाराच. गोमाजी नाथाकडं वळला. "नाथाशेठ, हे आधी सांगायला पायजे होतं."

"कोड नाय हो! भाजल्याचा डाग हाय," नाथा घाईघाईनं म्हणाला. "लेझर केलंय, म्हणून पांढरा पडलाय."

"लेझर काय, लोक कोड लपवायला पण करतात. भाजलं तर कधी भाजलं, कसं भाजलं? पंच बसलेत, त्यांच्या समोर सांगा. मग फोडू सुपारी."

देवानंच आणली ही वेळ, मंजुळा मनाशी म्हणाली. इथं खरं सांगायला नाथाचं काय जात होतं? पोरवयात, रागाच्या भरात भावानं बहिणीच्या अंगावर तेल टाकलं. ऐकणाऱ्यांनी चुकचुक केली असती, फार तर एखादी बाई "काय गं बाई, कसला हा पोर" म्हणाली असती. कोड नव्हे एवढंच त्यांना हवं होतं. खरं बोललं तरी सुपारी फुटणार, खोटं बोललं तरी फुटणार. सगळा जन्म ती ज्या एका वाक्यासाठी थांबली होती, ते वाक्य आज फुकट होतं. नाथानं तिच्याकडं बघितलं. त्याचे ओठ हलले. बोल दादूस, तिनं डोळ्यांनीच विनवलं, आता बोल.

नाथा मोठ्यानं हसला.

"अहो, हिची तर आमच्या वाड्यात म्हण हाय! मंजुळाची करंजी! विचारा कुणालाही. नारळी पुनवेला आय करंज्या तळत होती, ही खादाड चोरपावलानं गेली, न् घातला तपेलीत हात! तेल सगळं अंगावर!" त्यानं मंजुळा कशी चोरपावलानं गेली तेही करून दाखवलं. वाड्यातल्या बायकांनी "होय, होय, लहानपणापासनं ऐकतोय" म्हणून साक्ष भरली. पाहुण्यांच्या जिवात जीव आला आणि सगळं अंगण खदखदून हसलं. तुळसा म्हणाली, "म्हणजे आत्याबाई चोरट्या हायत व्हय! आमची करंजी सांभाळावी लागंल!" शीलाही हसली. पदर तोंडावर धरून, पण हसली.

मंजुळेनं ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढं पसरले.

"बघा," ती म्हणाली. "चोरटीचे हात बघा. तपेलीत घातलेले हात हे. कुठं हाय डाग? एक तरी दाखवा. पाठ भाजली माझी. पाठीनं चोरते का कोण? माझ्या हातात नारळ होता. तेल मागनं आलं."

पुढचं नाव तिनं घेतलं नाही. गरजच नव्हती. तुळसानं ते हात बघितले, मान बघितली, मग नाथाकडं बघितलं, आणि तिचं हसू मावळलं. गोमाजीनं टोपी काढून पुन्हा घातली. नाथा कमरेचा पेजर काढून बघायला लागला, वाजला नव्हता तरी. ज्याला कळायचं त्याला कळलं होतं.

तेव्हा म्हातारा काळुराम बोलला. रागानं नव्हे हो, अगदी मायेनं, लेकीला समजवावं तसा.

"हात खाली घे, पोरी. ते काय आम्हाला ठाऊक नाय? तुला झोळीत घालून इस्पितळात नेली ती मीच ना? तुझे हात कोरे होते. नारळ सोडतच नव्हतीस, तो सोडवताना मला मेहनत पडली. समद्या वाड्यानं बघितलंय ते."

"समद्यांना ठाऊक होतं?" मंजुळेनं विचारलं.

"त्याच दिवशी."

"मग ती म्हण?"

"अगं, काहीतरी बोलायला नको? एकुलता एक पोर, त्याचं नाव कशाला खराब करायचं? तुझं तर जे व्हायचं ते झालंच होतं." एवढं बोलून त्यानं वरवंटा उचलला आणि सुपारीवर हाणला. सुपारी फुटली. बायकांनी गाणं धरलं, कुणी पेढा तोंडात कोंबला, आणि लग्न पक्कं झालं.

म्हणजे बघा, पोर जिवापाड एक गुपित सांभाळत होती, आणि गुपित असं काही नव्हतंच! जी म्हातारी "मंजुळाची करंजी" म्हणून ओरडायची तिला ठाऊक होतं, हसणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. ठाऊक असून तिच्या तोंडावर म्हणत होते. नाथानं एकट्यानं तिला एकदा भाजली, बाकीच्यांनी रोज थोडी थोडी. मेल्यांच्या घशाखाली तिनं विकलेली मासळी तरी कशी उतरत होती, कुणास ठाऊक.

त्यानंतर मंजुळा डॉक्टरांकडं गेली नाही. छत्री तिनं शेजारणीला देऊन टाकली.

वैशाखात हळदीच्या दिवशी वाड्यात मांडव पडला. व्हिडिओवाला सकाळीच दिवे लावून तयार. मंजुळा मात्र घरामागं खाडीकाठी जवळा वाळत घालून बसली होती. वर वैशाखाचं ऊन, आणि तिनं पदर खांद्यावरून काढून कमरेला खोचलेला. पाठ, मान, सगळं उन्हाला दिलेलं. पांढुरकी कातडी लाल होऊन पुन्हा काळवंडायला लागली होती. शीला हळदीची वाटी घेऊन धावत आली.

"आत्या, चल ना! पहिला हात तुझा. सगळे थांबलेत. आणि अशी उन्हात काय बसलीस? डॉक्टर काय म्हणाले होते?"

मंजुळेनं तिच्या गालावरून हात फिरवला. त्या पोरीचा तरी काय दोष, तिनं म्हण ऐकली होती, बाकी काही नाही. "येते की," ती म्हणाली. "तुझ्या बापसाला पाठव. मांडवात चार माणसांच्या देखत त्यानं एक वाक्य बोलायचं. त्याला ठाऊक हाय कनचं. व्हिडिओवाल्यालाबी घ्यायला सांग. मग माझा हात पहिला."

शीला वाटी घेऊन परत गेली. मंजुळा मांडवाकडं मान वळवून बसली. मान आता छान वळत होती. मांडवातून नाथाचा आवाज आला, पण ते वाक्य काही आलं नाही. मग कुणीतरी बेंजोवाल्यांना खूण केली असावी, कारण एकदम बेंजो वाजायला लागला आणि बायकांनी हळदीचं गाणं उचललं. आत्याविनाच हळद लागली. मंजुळेनं मान पुढं केली आणि जवळा उलटायला घेतला.